चन्नव्वाच्या हातची भाकरी

महानंदानं फळ्याकडे तोंड केलं आणि भागाकाराचं गणित मांडता मांडता डाव्या हातानं परकराची नाडी सैल केली. पदर पुढून घेतलेला होता, त्यामुळे वर्गात कुणाला काही दिसलं नाही. सकाळी शाळेत येताना बांधलेली नाडी दुपारच्या सुट्टीपर्यंत काचायला लागायची. पोट फुगायचं, तटतटायचं, आणि मग आत कुणीतरी ओली चादर पिळावी तशी कळ यायची. पूर्वी ती तासन्‌तास उभ्यानं शिकवायची. आता तिचा तास आला की मुलंच न सांगता खुर्ची फळ्याजवळ आणून ठेवत.

हुमनाबादच्या बसस्टँडमागे असलेल्या त्या शाळेत बायकांसाठी एकच संडास होता, आणि तोही मैदानाच्या पार टोकाला. त्या मैदानातला खड्डा न्‌ खड्डा महानंदाला पाठ होता. घाईनं जायचं, पण पळताना दिसायचं नाही, ही कला तिला चांगलीच साधली होती. शिवाय कोपरांवर पुरळ यायचं आणि खाजून खाजून रक्त निघायचं. तोंडात फोड असायचे. संध्याकाळी तळपायांना मुंग्या यायच्या, आणि घराच्या चार पायऱ्या चढताना ती दुसऱ्या पायरीवर उगाच पिशवीत काहीतरी शोधत थांबायची.

या सगळ्याचं कारण एकच होतं, गहू. तिला गव्हाचं वावडं होतं. गव्हाचा कण पोटात गेला की आतडं आतून सोलून निघतं, असं कलबुर्गीच्या पोटाच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पोळी नाही, रवा नाही, मैदा नाही, आणि तेही जन्मभर. तिला ते तेव्हाच समजलं. लोकांना मात्र अजून समजायचं होतं. "गव्हाचं कुठं वावडं असतंय व्हय? आमच्या आज्याला गहू फक्त सणाला मिळायचा, अन् हिला सोसंना!" असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. त्यांचंही सगळंच चुकत नव्हतं. ज्वारीच्या मुलखात माणसाला गहू सोसत नाही, हे म्हणजे गरिबानं तुपाची तक्रार करण्यासारखंच होतं.

आणि कोडं पुढेच होतं. दोन वर्षांत महानंदानं गहू जिभेला लावला नव्हता. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं असं कळलं, तेव्हा तिनं हिंग सोडला. मग गिरणीचं ध्यानात आलं. गिरणीत ज्वारीनंतर आपला गहू पडला तर बायका भांडतात, पण गव्हानंतर ज्वारी पडली तर गप्प राहतात, तेवढंच गव्हाचं पीठ फुकट आलं म्हणून. त्या फुकटच्या पिठाचीच तिला भीती होती. म्हणून घरात छोटी घरघंटी आणली आणि तिच्यात ज्वारीशिवाय काही दळायचं नाही असं ठरलं. लग्नाकार्यात ती केळं खाऊन घरी यायची. इतकं करूनही नाडी दुपारी काचायची ती काचायचीच.

त्या दिवशी नागेंद्र, तिचा नवरा, कलबुर्गीहून रिपोर्ट घेऊन आला. हायवेवर त्याचं लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते अर्धा दिवस बंद ठेवून तो गेला होता. त्यानं शर्ट खुंटीला लावला आणि पाणी प्यायला. महानंदानं रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला.

"कमी न्हाई झालं," तो म्हणाला. "उलटं वाढलंय."

"डॉक्टर काय म्हणले?"

"म्हणले, कुठून तरी गहू पोटात जायलाय. कधीमधी न्हाई, रोज जायलाय. घरात इचारा म्हणले."

"मग इचारा की."

"तुलाच इचारायलो."

महानंदानं कोपरावरचा हात काढला. खाजवताना दिसलं की विषय वाढायचा.

"मी खाल्ले न्हाई."

"मग काय हवेतून यायलाय का?"

नागेंद्र वाईट माणूस नव्हता. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे पहिल्या वर्षी तोच सगळ्यांना समजावून सांगायचा. पण मुंगी जागची हललीच नाही की माणसाला मुंगीचाच संशय यायला लागतो. त्यातून त्याची बहीण शैलश्री उदगीरहून रोज फोन करायची आणि फोन लाऊडस्पीकरवर असायचा.

"वैनी, खाई त्याला खवखवे म्हणत्यात बरं का!" ती त्या दिवशी हसत म्हणाली. "कोपर उगंच खाजंना झालंय."

हे ऐकून चन्नव्वा स्वयंपाकघरातून बाहेर आली. कपाळावरची विभूती घामानं पुसट झाली होती. लेकाच्या हातातला फोन तिनं स्वतः बंद केला.

"माझी सून चोरून खाणाऱ्यातली न्हाई, नागू. तोंड सांभाळून बोल. ती काय खातीय ते मला ठावं हाय. मी थापलेली भाकरी खातीय ती, दुसरं काय न्हाई."

नागेंद्रनं फोन खिशात घातला. आईपुढे तो नेहमीच गप्प व्हायचा. सगळ्या घरात महानंदाच्या बाजूनं बोलणारं हे एवढं एकच माणूस होतं.

चन्नव्वा तिची सासू तर होतीच, पण सख्खी आत्याही होती. महानंदा अफजलपूरची, चन्नव्वाच्या धाकट्या भावाची मुलगी, त्यामुळे आत्या ही हाक लग्नाच्या आधीपासूनची. या आत्याच्या भाकरीचं नाव सगळ्या हुमनाबादला माहीत होतं. मठात दासोहाची पंगत असली की पन्नास बायका भाकऱ्या थापायच्या, पण जंगमस्वामींच्या ताटात चन्नव्वाचीच भाकरी जायची. ताटाबाहेर जाईल एवढी मोठी आणि पापडासारखी पातळ, आणि कडेला कुठे चीर म्हणून नाही. नव्या सुना तिच्याजवळ बसून बघायच्या. बघून ती कुणाला आली नाही. नवरा गेल्यावर चन्नव्वानं किल्ल्या सुनेकडे दिल्या आणि ती जरा भिंतीकडे सरकली. मग सुनेचं दुखणं आलं. "तुझ्या भाकरीचं मी बघते, तू चिंता करू नको," असं म्हणून ती पुन्हा चुलीपुढे येऊन बसली ती बसलीच. खरं सांगायचं तर सुनेच्या दुखण्यानं सासूच्या जिवात जीव आला होता, आणि त्यात काही वाईट होतं असं महानंदाला कधी वाटलं नाही.

दिवाळी झाली. एका रविवारी महानंदानं ताकात कुस्करून खायला कालची शिळी भाकरी घेतली. ज्वारीची शिळी भाकरी मोडताना कट्‌ असा आवाज व्हायला हवा. ही भाकरी मोडली नाही. वाकली. तिनं पुन्हा वाकवली, तर तिची घडी पडली. धान्य मागच्या सुगीचं होतं. ज्वारी जुनी झाली की पिठाची विरी जाते, चिकटपणा राहत नाही, अशा पिठाच्या ताज्या भाकरीलासुद्धा कडेनं चिरा पडतात. आणि ही शिळी भाकरी रुमालासारखी घडी घालून घेत होती. घरघंटीनं पीठ बारीक येत असेल, असं तिनं मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली आणि तोंडही न धुता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. चन्नव्वा परातीपुढे बसली होती. ज्वारीचा गोळा तिनं छान मळला, पिठावर ठेवला आणि थापायला सुरुवात केली. दोन फेऱ्यांतच भाकरीची कड फाटली. तिनं बोटानं फट बुजवली. दुसरीकडे फाटली. उजव्या हाताचा अंगठा वळत नव्हता. तो काडीसारखा ताठ उभा राहत होता, आणि बाकीची बोटं त्याला सोडून काम करू पाहत होती. भाकरी उचलायला गेली तर अर्धी परातीतच राहिली. चन्नव्वानं ते तुकडे पुन्हा गोळा केले. मग शेजारचा पोळ्यांच्या पिठाचा डबा उघडला, मूठभर गव्हाचं पीठ परातीत टाकलं आणि घाईघाईनं मळायला लागली. आता थापलेली भाकरी मोठी झाली, गोल झाली, अलगद उचलली गेली. तव्यावर ती टम्म फुगली तेव्हा चन्नव्वाच्या तोंडावर जे समाधान आलं ते पाहून महानंदा पाऊल न वाजवता परत फिरली.

ती अंथरुणावर येऊन बसली. राग यायला हवा होता. आलाही, पण तो धरून ठेवायची ताकद तिच्यात नव्हती. म्हातारीनं काही मारायला घातलं नव्हतं. तिच्या हिशेबी गहू खाणं म्हणजे पोळी खाणं, सणाला गव्हाची खीर म्हणजे हुग्गी खाणं. जुळायला घातलेली मूठ म्हणजे काही जेवण नव्हे. दारातली रांगोळी काय तांदूळ म्हणून मोजतात? उकळत्या पाण्यात पीठ मळूनही भाकरी जुळते, पण चुलीवर ठेवलेलं आधण सगळ्यांना दिसतं आणि हात गेल्याचं कळतं. गव्हाचं पीठ दिसत नाही.

सांगून टाकावं असं तिनं ठरवलं. वाक्यही जुळवलं. तेवढ्यात चन्नव्वा भाकरी घेऊन आली आणि तिनं ती खिडकीतल्या उजेडात धरली.

"बघ, कशी पातळ झालीय. जुन्या ज्वारीची हाय म्हणलं तर कुणी मानंल का?"

"आत्या," महानंदा म्हणाली, "उद्यापासून मीच थापते. तुमाला तरास कामून?"

"कामून म्हणजे? माझ्या हाताला काय झालंय?"

हा प्रश्न फार लवकर आला. उजवा हात पदराखाली गेला होता.

"काय न्हाई झालं. उगं आपलं."

"तू दिवसभर शाळेत मरायलीस. तुला शेंगदाणे कुटायची ताकद न्हाई, भाकरी काय थापतीस? अन् मी काय करू मग? बसू भिंतीला टेकून?"

महानंदाचं जुळवलेलं वाक्य पोटातच राहिलं. या बाईला काय सांगायचं? की तुम्ही माझ्या बाजूनं भांडता आणि रोज सकाळी मला दुखणं वाढता? मठातल्या चन्नव्वाला आता भाकरी येत नाही, हे सांगायचं? तिनं भाकरी घेतली, पदराखाली धरली आणि मागच्या दारी उभ्या असलेल्या गाईच्या पुढे टाकली.

त्या दिवसापासून रोज तेच चाललं. घरची भाकरी मागच्या गाईला, डब्यातली शाळेपुढच्या गाईला. घरी ती दुसऱ्यांदा भात वाढून घ्यायची, आणि शाळेजवळच्या टपरीवरून चुरमुरे घेऊन कोरडेच खायची. दोन वर्षं तिच्यावर चोरून खाण्याचा आळ होता. आता ती खरोखरच चोर झाली होती, न खाण्याची. भुकेनं डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण कोपरावरच्या खपल्या वाळल्या. तोंडातले फोड गेले. एका दुपारी फळ्यापुढे तिचा हात सवयीनं नाडीकडे गेला आणि नाडी सैलच होती. तिला तिथेच, भर वर्गात, हसू आलं आणि मागोमाग रडू. मुलांना वाटलं बाईंना गणित चुकल्याचं वाईट वाटलं.

वेळ अमावस्या जवळ आली. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. पाल्या-दाण्यांची भज्जी, आंबील, तीळ लावलेल्या भाकऱ्या. सगळ्या वर्षात महानंदाला जवळजवळ सगळं ताट खाता येईल असा हा एकच सण होता, आणि ती त्याची वाट बघत होती. शैलश्री दोन दिवस आधीच उदगीरहून माहेरी आली. शेतावरच्या हुरड्यासाठी काय काय आणायचं ते महानंदाला विचारायला नागेंद्र दुपारी शाळेकडे गेला. फाटकाजवळ त्याची बायको गाईला भाकरी घालत होती. मग तिनं टपरीवर जाऊन काहीतरी पुडी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. तो गाडी न थांबवता तसाच पुढे गेला.

संध्याकाळी ती घरात आली तेव्हा तो सोप्यात उभाच होता. शैलश्री तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"अव्वा अंधाराची उठून भाकरी थापतीय," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "अन् तू गाईला घालायलीस? मी बघितलो आज."

महानंदानं पिशवी खाली ठेवली.

"भाकरी खात न्हाईस. मग काय खातीस? टपरीवर काय मिळतंय? बन, बिस्किट, खारी. खरं बोल एकदा. मी काय तुला मारायलो का? पण खरं बोल."

स्वयंपाकघराच्या दारात चन्नव्वा येऊन उभी राहिली होती. ती नागेंद्रकडे बघत नव्हती, सुनेकडे बघत होती. भाकरी गाईला का जाते, याचा तिला नुकताच अंदाज येत असावा, कारण तिच्या डोळ्यांत महानंदानं कधी न बघितलेली भीती होती. साठ-पासष्ट वर्षं वाघिणीसारखं वागलेल्या बाईची भीती बघवत नाही.

महानंदाला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यानं ती सुटली असती.

"खाल्ले," ती म्हणाली. "बन, बिस्किटं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

शैलश्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी म्हणलंच होतं," असं ती म्हणाली, पण हळू. नागेंद्र खुर्चीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं. दोन वर्षांचं गणित एकदाचं सुटलं होतं, उत्तर बायकोच्या तोंडून आलं होतं.

"एवढं आधी सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर मी कशाला धावलो असतो?"

महानंदा थांबली. का थांबलीय ते तिचं तिलाही नंतर कळलं. ती चन्नव्वाच्या आवाजाची वाट बघत होती. माझी सून चोरून खाणाऱ्यातली न्हाई. एवढंच, नेहमीचं. चन्नव्वा वळली आणि आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. महानंदाला रडू आलं नाही. अंगातलं सगळं कुणी उपसून काढावं तसा थकवा आला, आणि ती शाळेच्या साडीतच आडवी झाली.

वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपारपासून अंगणात तीन चुली पेटल्या. शेजारच्या चंद्रम्मा आणि निलम्मा परात घेऊन आल्या होत्या. एका घरच्या भाकऱ्या झाल्या की दुसऱ्या घरच्या, अशीच रीत होती. मधल्या चुलीपुढे नेहमीप्रमाणे चन्नव्वाचा पाट मांडला होता. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती. तिनं येताना फक्त घरघंटीवरचा ज्वारीचा डबा आणला. महानंदा जरा लांब, तीळ निवडत बसली होती. तिच्याशी कालपासून कुणी नीट बोललं नव्हतं, आणि तिलाही बोलायचं नव्हतं.

चन्नव्वानं गोळा मळला. पहिली भाकरी कडेनं फाटली. तिनं ती मोडून पुन्हा थापली. पुन्हा फाटली. चंद्रम्मा आणि निलम्मांच्या परातींचा थपथप आवाज आपोआप मंद झाला.

"ज्वारी जुनी दिसतीय, अक्का," निलम्मा म्हणाली.

"ज्वारी चांगली हाय," चन्नव्वा म्हणाली.

तिसरी भाकरी उचलताना अर्धी परातीत राहिली. अर्धी हातात लोंबली आणि चुलीच्या राखेत पडली. आता कुणीच थापत नव्हतं. चन्नव्वाच्या हातची भाकरी राखेत पडलेली त्या गल्लीनं बघितली नव्हती. शैलश्रीला आईचं ते बघवेना. ती पटकन उठली.

"वैनी, आतून मूठभर गव्हाचं पीठ आण गं. थोडं घातलं की जुळतंय. कुणाला कळतबी न्हाई."

महानंदा तीळ घेतलेलं सूप मांडीवर तसंच धरून राहिली.

"आणू नको," चन्नव्वा म्हणाली. तिनं उजवा हात पदराबाहेर काढून मांडीवर उताणा ठेवला. अंगठा ताठ उभा होता. सगळ्यांना दिसेल असा. "दोन वर्षं तेच केलं मी. हिच्या भाकरीत."

चुलीत लाकूड तडकलं. तेवढ्यात नागेंद्र भज्जीसाठी हरभऱ्याचा पाला आणि चिंचेची पिशवी घेऊन फाटकातून आत आला होता. त्यानं ते शेवटचं वाक्य ऐकलं होतं. आईकडे बघितलं, मग बायकोकडे. त्यानं पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

"हिनं बाहेर काय बी खाल्लं न्हाई," चन्नव्वा त्याला म्हणाली. "काल खोटं बोलली ती. अन् मी ऐकून घेतलं."

मग ती सुनेकडे वळली. आवाज मोठा होता, रागावल्यासारखा.

"तुला कळलं होतं न्हवं? मग कामून बोलली न्हाईस?"

महानंदानं सूप बाजूला ठेवलं. इतके दिवस जुळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही आठवलं नाही.

"घरात माझ्या बाजूनं बोलणाऱ्या तुमी एकट्याच होता, आत्या," ती म्हणाली. "तुमालाच कशी खाली बघाय लावू?"

चन्नव्वानं चुलीतलं लाकूड आत सारलं. धूर तिच्या डोळ्यांत जात होता. ती उठली नाही. पाटावरून फक्त बाजूला सरकली, आणि पाटावर एका माणसापुरती जागा झाली.

महानंदा उठून तिथं बसली. परातीतलं ओलं पीठ तिनं दोन्ही हातांनी गोळा केलं. तिला भाकरी कधीच फार चांगली येत नव्हती, आणि हातात बळही नव्हतं. पहिली तव्यापर्यंत पोचलीच नाही. कुणी हसलं नाही.

"पाणी कमी पडलं," चन्नव्वा म्हणाली, आणि डाव्या हातानं तांब्या पुढे सरकवला.